छोटी खरेदी, नेमकं माप: गावातल्या घराला वर्षभर पुरणाऱ्या वस्तू

पंखा हळू फिरतो म्हणून नवा पंखा येतो, आणि जुन्यात बिघडलेला असतो शंभर रुपयांच्या आतला कंडेन्सर. नळ गळतो म्हणून नळच बदलला जातो, झिजलेला असतो आतला वायसर. उलटंही होतं. पाचशेचा टॉर्च येतो आणि दोन महिन्यांत कोनाड्यात जाऊन पडतो, कारण त्याच्या सेलवर छापलेला आकडाच खोटा होता. गावातल्या घरासाठी ज्या छोट्या वस्तू खरोखर कामाला येतात, त्यांचं माप काय, दुकानात काय मागायचं, त्या बसवायच्या कशा आणि चुकतं कुठे, ते इथे आहे. बहुतेक वस्तू चारशे-पाचशेच्या आत बसतात. एकच महाग आहे, पण ती टाळू नये.

बाजाराला निघण्याआधी

तालुक्याचं गाव बारा-पंधरा किलोमीटरवर असलं की चुकीच्या मापाचा नट म्हणजे एसटीची आणखी एक खेप, नाहीतर पुढच्या आठवडी बाजारापर्यंत थांबणं. म्हणून जमेल तो भाग खोलून पिशवीत टाकायचा. खोलता येत नसेल तर त्यावरच्या छापील अक्षरांचा जवळून फोटो काढायचा. नुसत्या पंख्याच्या किंवा कुकरच्या फोटोवरून दुकानदाराला काही कळत नाही.

पाइपाच्या मापात हमखास गोंधळ होतो. 'अर्धा इंची' लोखंडी पाइप बाहेरून पट्टीने मोजला तर साधारण २१ मिलिमीटर भरतो. पाऊण इंच म्हणजे १९ मिलिमीटर, त्यामुळे मोजणाऱ्याला वाटतं की आपला पाइप पाऊण इंची आहे, आणि तो मोठा नळ घेऊन येतो. पाइपाचं नाव बाहेरच्या जाडीवरून पडलेलं नाही, आतल्या पोकळीवरून पडलेलं आहे. घरातल्या साध्या नळाचा पाइप बहुधा अर्धा इंचीच असतो.

नळ कोणत्या जातीचा, हेही पाहून घ्या. बंद करायला तीन-चार फेऱ्या लागत असतील तर आत रबरी वायसर आहे. तो पाच-दहा रुपयांचा, दोन-चार एकदम आणून ठेवावेत. अर्ध्या फेरीत बंद होणाऱ्या नळात वायसर नसतो, चिनी मातीच्या चकत्यांचा स्पिंडल असतो. तो पूर्ण बदलावा लागतो आणि प्रत्येक कंपनीच्या स्पिंडलच्या डोक्यावरच्या खाचा वेगळ्या असतात, म्हणून जुना सोबत न्यावाच लागतो. सोबत पांढऱ्या टेफ्लॉन टेपची एक गुंडाळी घ्या. आट्याचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आठ-दहा वेढे ताणून द्यायचे. उलटे दिले तर नळ आवळताना टेप गोळा होऊन बाहेर येते आणि गळती तशीच राहते.

पंख्याचा कंडेन्सर

आधी दोष नक्की करा. पंखा फक्त संध्याकाळी सात ते दहा हळू असेल आणि पहाटे जोरात फिरत असेल, तर दोष व्होल्टेजचा आहे. डीपीवर लोड आला की गावभर हेच होतं, आणि नवा कंडेन्सर टाकून त्यात फरक पडत नाही. दिवसभर हळू असेल, पाचावर ठेवूनही काठीने ढकलल्याशिवाय सुरू होत नसेल, नुसता घूं घूं करत असेल, तर कंडेन्सर गेला. लाईन बंद करून पातं हाताने फिरवून पाहा. दोन-तीन गिरक्या सहज घेत नसेल, खरखरत असेल, तर बेअरिंगचं काम आहे. ते घरी करू नये.

छताच्या साध्या पंख्याला बहुतेक वेळा २.५ एमएफडीचा, ४४० व्होल्टचा कंडेन्सर लागतो. काही पंख्यांना ३.१५ चा असतो. जुन्यावर जो आकडा तोच घ्यायचा. 'चारचा टाका, जोरात फिरेल' असा सल्ला देणारा कोणीतरी भेटतोच. पंखा थोडा जोरात फिरेलही, पण आतल्या एका कॉइलमधून जास्त करंट वाहून ती तापत राहील आणि एका उन्हाळ्यात वायंडिंग जळेल. रिमोटवर चालणाऱ्या नव्या बीएलडीसी पंख्यांना हा उपाय लागू नाही, त्यांच्यात सर्किट असतं.

बदलताना मेन स्विच खाली पाडा. भिंतीवरचं बटण बंद करून भागत नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये कित्येकदा बटण न्यूट्रलवर घेतलेलं असतं आणि बटण बंद असूनही पंख्यापर्यंत फेज पोचलेला असतो. लाकडी स्टुलावर उभं राहून पंख्याच्या दांडीवरच्या वाटीचा स्क्रू ढिला करा आणि वाटी सरकवा. आत डबीसारखा कंडेन्सर दिसेल, त्याला दोन वायरी असतात. हात लावण्याआधी फोटो काढा. मग प्लास्टिकच्या मुठीच्या पेचकसाने त्याची दोन्ही टोकं एकमेकांना टेकवा, म्हणजे आत साठलेला करंट उतरेल. जुन्या दोन वायरी जिथे जोडल्या होत्या तिथेच नव्या जोडा. या दोन वायरींत उलट-सुलट काही नसतं, पण तिसऱ्या वायरीला जोड गेला तर पंखा उलटा फिरतो किंवा फिरतच नाही. वायर एक सेंटिमीटर सोलून घट्ट पिळा, जोड टेपने पूर्ण झाका आणि वाटी परत बसवताना त्यात वायर चेपत नाही हे पाहा. सगळं काम पंधरा-वीस मिनिटांचं.

कूलर: थंडाव्याआधी शॉकचं पाहा

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तिथे कूलर ही चैन राहत नाही. पण लोखंडी बॉडी, पाणी आणि वीज एकाच जागी, आणि विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं दगावतात. बहुतेक वेळा कारण साधं असतं: पंपाची वायर कुठेतरी सोललेली, पिन दोन पायांची आणि चालू कूलरमध्ये पाणी भरायला लावलेला हात.

पहिली खरेदी तीन पायांची पिन आणि तीन तारांची वायर. वायरीतली हिरवी तार पिनेच्या मोठ्या पायाला आणि दुसरं टोक कूलरच्या बॉडीला नट-बोल्टने लावायचं. लावायच्या जागेचा रंग खरवडून चकचकीत लोखंड दिसू द्या. रंगावर बोल्ट आवळला तर अर्थिंग दिसायला लागलेली असते, पण काम करत नाही.

बोर्डातल्या मोठ्या छिद्रात अर्थिंग खरंच येते का, हे वायरमनकडून स्वतःसमोर तपासून घ्या. फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावला की तो फेज-न्यूट्रलवर लागतो तितकाच लख्ख लागायला हवा. मिणमिणला तर अर्थिंग कच्ची आहे. आपल्याकडच्या काळ्या मातीचा इथे खास त्रास आहे. उन्हाळ्यात ती वाळून भेगाळते, अर्थिंगच्या पाइपाला मातीचा ओला स्पर्श उरत नाही आणि पावसाळ्यात चांगली असलेली अर्थिंग नेमकी कूलरच्या दिवसांत निकामी होते. अर्थिंगच्या खड्ड्यात चार-पाच दिवसांनी बादलीभर पाणी ओतत जा. एवढ्याने मोठा फरक पडतो, आणि खर्च शून्य.

सुरुवातीला म्हटलेली महाग वस्तू ती हीच: आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच घराची लाईन तोडणारा स्विच. वायरमनला पाठवून मागवली की तो कधी साधी एमसीबी घेऊन येतो, दिसायला दोन्ही सारख्याच. ओळखायची खूण म्हणजे आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं एक छोटं बटण असतं. मागताना 'दोन पोल, २५ अँपिअर, ३० मिलिअँपिअर' असं पूर्ण सांगा. १०० आणि ३०० मिलिअँपिअरच्याही मिळतात, त्या माणसाला शॉकपासून वाचवायला पुरत नाहीत. एमसीबी लोड वाढला किंवा वायरी भिडल्या तरच पडते. अंगातून जाणारा करंट तिच्या हिशेबी काहीच नसतो. आरसीसीबी फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परतलेला करंट ताडून पाहते आणि फरक पडला की क्षणात लाईन तोडते. महिन्यातून एकदा 'टी' दाबून ती पडते का पाहायचं. कूलर लावताच पडत असेल तर आधी पंपाची वायर सोडवून पाहा, दोष बहुधा तिथेच सापडतो. 'सारखी पडते' म्हणून ती बायपास करून घेणाऱ्यांची घरं गावोगाव आहेत. ती पडते म्हणजेच कुठेतरी करंट गळतो आहे.

आता हंगाम सुरू करताना करायच्या गोष्टी:

१. पंप बाहेर काढून त्याची वायर बोटांनी पूर्ण चाचपा. चीर दिसली तर टेप लावून भागवू नका, नवा पंप घ्या. तो साधारण दोन-तीनशेला मिळतो. डब्यावर वॅट आणि पाणी किती उंच चढवतो ते लिहिलेलं असतं. तुमच्या कूलरच्या उंचीपेक्षा दीड-दोन फूट जास्त असलेला निवडा.

२. पंप पाण्यातच गार राहतो. टाकीचं पाणी संपून तो कोरडा फिरला की जळतो. तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधला तर गवताच्या काड्या अडकत नाहीत.

३. वरच्या पन्हाळीची छिद्रं दाभणाने मोकळी करा. बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार तिथे बसतात. लिंबूसत्व पाण्यात विरघळवून तासभर ठेवलं तर ते सुटतात.

४. गवत भरताना ताटी उजेडासमोर धरा. भोकं दिसायला नकोत, पण इतकं दाबूनही भरू नका की हवाच अडेल. पंधरा दिवसांनी गवत ओलं होऊन खाली बसतं आणि वर चार बोटांची फट पडते. कूलर 'आता पहिल्यासारखा गार करत नाही' याचं कारण बहुतेक वेळा तीच फट असते, गरम हवा तिथूनच सरळ आत येते. वरून मूठभर गवत कोंबा.

५. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून कडा घासा. नुसतं पाणी भरत राहिलं तर क्षार साचत जातात, आणि डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून राहतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवड्याहून फार जास्त वेळ लागत नाही, म्हणून दर आठवड्याला.

पाणी भरताना पिन बाहेर काढायची. बटणावर विसंबू नका. आणि कूलर खिडकीबाहेर ठेवला तर समोरचं दार किंवा खिडकी चार बोटं उघडी ठेवा. बंद खोलीत हवा दमट होऊन अंग चिकट होतं, मग लोक कूलरला नावं ठेवतात.

माठाबद्दल थोडंच. नवा माठ एक दिवस पाण्यात बुडवून ठेवावा, आतून साबण लावू नये. साबण मातीत मुरतो आणि पाण्याला वास येतो. दोन-तीन महिन्यांनी पाणी गार होईनासं झालं तर बाहेरची छिद्रं क्षारांनी बुजली असतात, काथ्याने घासा. सोबत लांब दांड्याचं ओगराळं घ्या. चार माणसांचे हात आणि गिलास माठात बुडणं थांबतं, हाच त्याचा उपयोग.

स्वयंपाकघरात दोन वस्तू

गॅसची नळी नारिंगी, आत तारेची जाळी असलेली 'सुरक्षा' जातीची घ्या, दीड मीटरच्या आतली. तिच्यावर तारीख छापलेली असते आणि आयुष्य पाच वर्षं. नळीवर प्लास्टिकचं झाकण किंवा कापड गुंडाळू नका, उंदराने कुरतडलेलं त्याखाली दिसत नाही. जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का पाहायचं, काडी ओढून कधीच नाही. गळती थांबत नसेल तर रेग्युलेटर बंद करून सिलिंडर अंगणात न्यायचं आणि १९०६ वर फोन करायचा.

कुकरची रिंग आणताना झाकण सोबत न्या. 'पाच लिटरची द्या' म्हटल्यावर मिळणारी रिंग तुमच्याच कंपनीच्या कुकरला बसेल असं नाही. रोज धुतल्यावर ती झाकणात न ठेवता खिळ्याला सैल टांगली की जास्त टिकते.

फवारणीचे दिवस

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या खरिपात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्याइतकी उंच वाढली होती, आणि उंच पिकात फवारा वर मारला की औषध अंगावरच परत येतं. हातमोजे त्यासाठी घ्यायचे.

नायट्रिलचे, मनगटाच्या वर चार-पाच इंच येणारे, आतून कापडी अस्तर नसलेले घ्या. अस्तर औषध शोषतं आणि दिवसभर कातडीला लावून ठेवतं. दवाखान्यातले पातळ मोजे पहिल्याच काट्याला फाटतात. घालण्याआधी तोंड पिळून हवा कोंडा आणि दाबून पाहा, हवा निसटली तर ते फेकायचे. खांद्याच्या वर फवारायचं असेल तर मोज्याची कड बाहीच्या बाहेर ठेवून उलटी दुमडा, म्हणजे हातावरून उतरणारं औषध तिथे अडकेल. पीक बुटकं असेल तर बाही मोज्यावर घ्या. काम झालं की मोजे हातात असतानाच साबणाने धुवायचे, मग काढायचे. उलट क्रमाने केलं तर इतका वेळ वाचवलेल्या हातालाच औषध लागतं.

तोंडाला बांधलेला ओला दुपट्टा वाफ अडवत नाही, औषध शोषून नाकाशी धरून ठेवतो. बाटलीच्या लेबलवर जो मास्क लिहिला असेल तोच लागतो. फवारा वाऱ्याच्या दिशेने, पाठीवर वारा घेऊन मारा.

रात्रीचं ओलित

हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायची पाळी रात्रीच्या लाईनीत आली की दोन वस्तू हव्यात, गमबूट आणि टॉर्च.

साप चावण्याच्या बहुतेक घटनांत चावा पायाला, गुडघ्याखालीच असतो. त्यामुळे बूट १३-१४ इंच उंचीचा, जाड पीव्हीसीचा. पायमोज्यासह घालून पाहा, आणि घोट्यापाशी फार सैल घेऊ नका. ओल्या काळ्या मातीत सैल बूट जागीच रुतून राहतो आणि पाय रिकामा बाहेर येतो. ओलिताला पँट बुटात खोचलेली चालेल, फवारणीला मात्र पँट बुटाच्या बाहेर ठेवायची, नाहीतर औषध ओघळून आत साचतं. काढल्यावर बूट उलटे टांगा आणि घालताना झटका. विंचवाला अंधारी, उबदार जागा आवडते.

टॉर्चच्या डब्यावर हजारो लुमेन आणि '९९०० एमएएच' लिहिलेलं असलं की समजा लिहिणाऱ्याला लाज नव्हती. अशा टॉर्चमधल्या १८६५० नंबरच्या एका सेलमध्ये साडेतीन-चार हजार एमएएचपेक्षा जास्त मावतच नाही. घेताना मागचं झाकण उघडून सेल सुटा निघतो का तेवढं पाहा. सुटा निघाला तर दोन वर्षांनी फक्त सेल बदलता येतो, चिकटवलेला असला तर टॉर्चच फेकावा लागतो. धुऱ्यावरून चालायला आणि बारं मोडायला, म्हणजे पाणी एका सरीतून दुसरीत वळवायला, डोक्याला बांधायचा, पसरट उजेडाचा टॉर्च बरा, कारण दोन्ही हात फावड्याला मोकळे राहतात. रानडुकरं, रोही (नीलगायी) हाकलायला जागलीवर लांब झोताचा लागतो. एकच घ्यायचा असेल तर डोक्याचा घ्या.

घरी जमिनीवर झोपणाऱ्यांना मण्यारीचा धोका असतो. ती रात्री फिरते आणि झोपलेल्याला चावते, कित्येकदा खूणही दिसत नाही. बाज आणि गादीखाली चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी, एवढं पुरेसं संरक्षण आहे. जाळी नुसती लोंबती सोडली तर उपयोग नाही. साप चावलाच तर दोरी आवळणं, चिरा देणं, मांत्रिकाकडे नेणं यात वेळ घालवू नका. चावलेला पाय हलू न देता १०८ ला फोन करून सरळ सरकारी दवाखाना गाठायचा.

हुकाचा काटा

वेचाई किलोवर दिली जाते, म्हणजे कापूस रोज तोलावा लागतो. ५० किलोपर्यंतचा हुकाचा डिजिटल काटा साधारण तीन-पाचशेला मिळतो. आणल्यावर पहिलं काम, २० लिटरचा कॅन. रिकामा टांगून शून्य करा, मग मापून २० लिटर पाणी भरून टांगा. २० किलोच्या जवळ दाखवला तर काटा ठीक. शंभर-दोनशे ग्रॅमपेक्षा जास्त फरक असेल तर त्याच दिवशी परत करा.

तोलताना रिकामं फडकं टांगून आधी शून्य करायचं, मग गाठोडं. दोन-तीन सेकंद झोका थांबू द्या, हलत्या गाठोड्याचं वजन वर-खाली होतं. पहाटे दवात वेचलेला कापूस पाण्यामुळे जड भरतो, म्हणून दव उडाल्यावर वेचणं आणि रोज एकाच वेळी तोलणं बरं. वेचणाऱ्या बायांना आकडा दिसेल अशा बाजूला काट्याचं तोंड ठेवा, अर्धी भांडणं तिथेच मिटतात. ५० किलोच्या वरचं पोतं 'एकदा पाहू' म्हणून टांगू नका. आतला सेन्सर वाकला की काटा चालू राहतो, पण चुकीचा आकडा दाखवतो आणि ते लक्षातही येत नाही.

हा काटा घरच्या हिशेबासाठी. विकताना व्यापाऱ्याचा वैधमापनचा शिक्का असलेलाच काटा लागतो. पण घरून तोलून नेलं की बाजारात किती किलोंचा फरक पडला ते जागेवर विचारता येतं. वेचणी संपली की सेल काढून ठेवा, आतच राहिले तर ते पाझरून पुढच्या हंगामापर्यंत पत्र्या खाऊन टाकतात.